गच्चीखालचा मजला, मे महिना आणि विजेचं बिल: कोल्हापुरात काय चालतं, काय नाही?

फुलेवाडीकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

एप्रिल उजाडला की 'कुठल्या कंपनीचा एसी घेऊ' हा धागा निघतोच. हा धागा जरा उलट्या टोकाचा आहे. एसी न घेता, किंवा असलेला कमी चालवून, घर राहण्याजोगं कसं ठेवायचं एवढंच इथं बोलूया. आणि तेही कोल्हापूरच्या हवेत. नागपूर-जळगावचे सल्ले इथं जसेच्या तसे चालत नाहीत, मुंबईचे तर अजिबात नाहीत.

आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा ३८-४० पर्यंत चढतो. पण रात्री २२-२४ पर्यंत उतरतोही. संध्याकाळी पश्चिमेकडनं वारा सुटतो, रंकाळ्यावर गर्दी काय फक्त भेळेसाठी होत नाही. मे मध्ये एखाद-दुसरा वळीव पडला की आणखी बरं. तरी रात्री अकरा वाजता माझ्या बेडरूममध्ये भिंतीला हात लावला तर ऊब लागते, आणि छताकडं तोंड करून झोपलं की वरून कुणीतरी शेकतंय असं वाटतं. म्हणजे बाहेर गार, आत भट्टी. उष्णता हवेत नाही, स्लॅबमध्ये आहे, असं माझं मत झालंय.

घर: वर उघडी गच्ची, बेडरूम पश्चिमेला, एक दीड टनी एसी. हिवाळ्यात १६०-१७० युनिट येतात, मे मध्ये ३२० च्या आसपास. घरातले म्हणतात मुलांच्या खोलीतही एसी बसवा. मी म्हणतोय, आधी स्लॅबचं बघू.

ज्यांनी काही करून पाहिलंय त्यांनी लिहा. जाहिरातीतलं नको, अनुभवातलं पाहिजे.

मिसळ_कटवाला

सोपा उपाय. मे मध्ये सासुरवाडीला गगनबावड्याला जायचं, घरचं मीटर बंद. बिलही शून्य, जेवणही फुकट.

फुलेवाडीकर

@मिसळ_कटवाला मेहुण्याचाही हाच उपाय आहे, म्हणून तो इकडं येतो.

निवृत्त_बांधकाम

धागा चांगला काढलात. बांधकामावर आयुष्य गेलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचं मत बरोबर आहे. सिमेंटचा उघडा करडा स्लॅब अंगावर पडणाऱ्या उन्हातला पाव-तीसेक टक्के भाग परत फेकतो, उरलेला पिऊन टाकतो. दुपारी त्याच्या वरच्या पृष्ठभागावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पाच इंची स्लॅबमधून ही उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. त्यामुळं दुपारी दोनला वर तापलेला स्लॅब तुम्हाला संध्याकाळी सहापासून शेकायला लागतो आणि निम्मी रात्र शेकत राहतो. एसी लावलात तर तो खोलीतली हवा गार करतो, पण वरून माल येतच असतो. भरणारी टाकी बादलीनं उपसण्यातला प्रकार.

दुसरी गोष्ट दिशांची. आपण १६.७ अक्षांशावर आहोत. मे च्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलै संपेपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात तुमच्या दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. लोक दक्षिणेची खिडकी बंद करून, वर जाड पडदा लावून बसतात आणि पश्चिमेची खिडकी 'वारा येतो' म्हणून दुपारभर उघडी ठेवतात. व्हायला हवं नेमकं उलटं. उन्हाळ्यात मारा असतो तो आधी छतावर, मग पश्चिमेच्या भिंतीवर, मग सकाळी पूर्वेला. खर्चही त्याच क्रमानं करा.

वाड्यातली

काका, हे दक्षिणेचं पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडं सासूबाई दक्षिणेची खिडकी वर्षभर उघडू देत नाहीत, पण त्याचं कारण ऊन नाही, वास्तू आहे 🙂

आमचं शिवाजी पेठेत जुनं घर. खालचा भाग मातीच्या जाड भिंतींचा, वर मंगलोरी कौलं. मागच्या बाजूला दिरांनी नवीन स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. उन्हाळ्यात सगळं घर, म्हणजे दीर-जाऊ धरून, दुपारी जुन्या सोप्यात येऊन झोपतं. नव्या खोल्यांत एसी आहे तरीही.

निवृत्त_बांधकाम

@वाड्यातली त्यात नवल नाही. दीड-दोन फुटांची भिंत दिवसभर तापते, पण आतल्या बाजूला ऊब यायला रात्र उजाडते, आणि तोवर बाहेर गार वारं सुटलेलं असतं. कौलांचं गणित वेगळं: ती तापतात लवकर आणि निवतातही लवकर, शिवाय फटींतून गरम हवा वर निघून जाते. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. गळतात, माकडं नाचली की फुटतात, सगळं खरं. पण खाली फळ्यांचा माळा असेल तर मधली हवा घराला राखते.

तुमच्या दिरांना सांगा, त्या दोन खोल्यांच्या स्लॅबवर आधी पांढरा हात मारा.

तारजोड

मी वायरिंगची कामं करतो. लोक बिलाचं गणितच चुकीचं धरतात म्हणून आधी ते.

महावितरणचे घरगुती टप्पे असे: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. खूप जणांचा समज असतो की ३०१ वं युनिट पडलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटांना त्या-त्या टप्प्याचा दर. पण याचा अर्थ असाही की तुम्ही वाचवलेलं युनिट हे नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. फुलेवाडीकर ३२० वरून २५० वर आले, तर आधीची २० युनिटं तिसऱ्या टप्प्यातली सुटतात, उरलेली ५० दुसऱ्यातली. वर वहन आकार आणि इंधन समायोजनही युनिटामागंच, आणि एकूण आकारावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार तेवढा राहणारच.

आता पंखे. एसीवर सगळे बोलतात, पंखा कुणी मोजत नाही. जुना पंखा ७०-७५ वॅट खातो. रोज १२ तास धरले तर महिन्याला २७ युनिट, एकाच पंख्याचे. बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा) पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिटही नाही. घरात चार पंखे चालत असतील तर महिन्याला साठेक युनिटांचा फरक. पंखा महाग पडतो, पण उन्हाळे चार-पाच काढलेत की वसूल. जो पंखा सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नको.

एक सांगून ठेवतो. बीएलडीसी बसवला की भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाकायचा, थेट स्विच द्यायचा. रेग्युलेटर तसाच ठेवला तर पंखा गुरगुरतो नाहीतर त्याचं कार्ड जातं, आणि मग सगळे बीएलडीसीला शिव्या देतात.

बावड्याची_सून

आम्ही भाड्यानं राहतो, सगळ्यात वरचा मजला. मालक गच्चीला हात लावू देत नाहीत, 'गळती लागेल' म्हणून. अशांनी काय करायचं ते कुणी सांगणार का? कूलर घेतलाय, पण रात्री अंग चिकट होतं आणि सकाळी गाद्या दमट.

तारजोड

@बावड्याची_सून ताई, कूलर खिडकी-दारं लावून चालवताय का? कूलर पाणी हवेत मिसळून गारवा देतो. ती दमट हवा बाहेर जायला वाट पाहिजे. कूलर खिडकीत, तोंड आत, आणि समोरचं दार किंवा खिडकी वीतभर तरी उघडी. आणि दुपारीच चालवा. मार्च-एप्रिलला दुपारची हवा आपल्याकडं कोरडी असते, तेव्हा तो छान चालतो. वळीव पडून गेला की हवेतच ओल असते, मग कूलर नुसता मोठा पंखा. रात्री पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवा, बाहेरची गार हवा आत येईल.

आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. आरोग्य विभागवाले 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात ते ह्याच्याचसाठी, डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो.

बावड्याची_सून

दारं बंद करूनच लावत होतो, एसीसारखी! आज करून बघते. पण डासांमुळं तर रात्री खिडकी उघडता येत नाही. आमच्या मागंच नाला आहे.

वाड्यातली

हाच तर सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि यावर कुणी बोलत नाही. 'रात्री खिडक्या उघडा' म्हणणं सोपं. रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा, संध्याकाळी सात ते नऊ खिडकी उघडली की घर डासांचं. खालच्या मजल्यावर चोरांची भीती वेगळीच.

आमच्याकडं असं चालतं: दिवेलागणीच्या आधी सगळं बंद. साडेनऊ-दहाला, डासांचा पहिला झपाटा ओसरला की जाळीच्या खिडक्या उघडायच्या. आणि जिन्यावरचं गच्चीचं दार. त्यालाही जाळीचं दुसरं दार करून घेतलंय. ते दार उघडलं की खालच्या खोल्यांतली गरम हवा जिन्यातनं वर निघून जाते आणि खिडक्यांतनं गार हवा आत ओढली जाते. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणी पंखा लावला की काय. पडदे आतल्या बाजूला हलत होते, वारा नसताना!

सकाळी आठ-साडेआठला परत सगळं बंद, पडदे ओढून. दुपारी शेजारीण येते ती म्हणते, काय गुहेत राहताय. राहतो बाई, पण गार राहतो.

फुलेवाडीकर

@वाड्यातली ताई, जिन्याच्या दाराचं हे भारी आहे. आमच्याकडं तो दरवाजा संध्याकाळी सातला कुलूपबंद होतो.

उद्यमनगरी

भावानो, आमी पत्र्याखाली काम करणारी माणसं, आमच्याकडनं पण ऐका की.

शेडमधी दुपारी उभं ऱ्हायचं म्हंजे भाकरीगत भाजून निघायचं. शेडच्या वर फिरणारं घुमट बसवल्यापास्नं जरा जिवात जीव आलाय. त्याला वीज लागत न्हाई, वाऱ्यावर आणि गरम हवेवर आपलं आपण फिरतंय. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी ते बघावं.

आता गच्चीवर पत्रा मारण्याचं. गेल्या काही वर्षांत निम्मं कोल्हापूर गच्चीवर शेड मारून घ्यायला लागलंय, गळती थांबती आणि सावली बी हुतीय. सावलीसारखं औषध न्हाई, ऊन स्लॅबवर पडतच न्हाई मग तापतंय कशाला. पण लोकं दोन ठिकाणी चुकत्यात. एक, शेड चारी बाजूंनी बंद करत्यात. मग आत गरम हवा कोंडती आणि स्लॅबला वरनं तीच शेकती. निदान दोन बाजू उघड्या पायजेत. दोन, स्वस्तातला साधा जस्ताचा पत्रा. तो चमकतोय म्हणून गार वाटतोय, पण एकदा तापला की उष्णता लवकर सोडत न्हाई. पांढऱ्या रंगाचा कोटेड पत्रा घ्या.

आणि अँगल स्लॅबला नीट बोल्ट करा. वळवाच्या वाऱ्यात दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवरचा पत्रा दुसऱ्याच्या दारात जातोय. परवानगी काय लागती ती बी आधी विचारून घ्या, नंतर माझ्या नावानं बोंब मारू नका.

निवृत्त_बांधकाम

उद्यमनगरी, शंभर टक्के बरोबर. पत्र्याचं कारणही तेच आहे: जस्त ऊन परत फेकतं, पण स्वतःची उष्णता बाहेर टाकायला कंजूष असतं. पांढरा रंग दोन्ही करतो.

आता पांढऱ्या रंगाचं लिहितो, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथं आहे. ताजा पांढरा पृष्ठभाग ७५-८० टक्के ऊन परत पाठवतो. खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. हे काही नवीन खूळ नाही. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं तर २०२३ मध्ये त्याचं धोरणच काढलं.

पर्याय तीन.

चुना. चुनकळी पिंपात रात्रभर विरवायची, फडक्यातनं गाळायची, चिकटून राहावा म्हणून त्यात थोडा फेविकॉलसारखा डिंक आणि पांढरं सिमेंट घालायचं, आणि झाडलेल्या, ओल्या केलेल्या स्लॅबवर जाड ब्रशनं उभे-आडवे दोन हात. चुनकळीत पाणी घालताना ती उकळते, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. खर्च किरकोळ. पण आपल्या पावसात तो जुलैपर्यंत धुऊन जातो, दरवर्षी करावा लागतो. मला त्यात काही वाईट दिसत नाही, बेंदराला बैलं रंगवतो तसं मार्चअखेर गच्ची रंगवायची.

दुसरा, बाजारात मिळणारा पांढरा, ऊन परतवणारा रबरी रंग. वॉटरप्रूफिंगही होतं, चार-दोन पावसाळे टिकतो. तडे आधी भरून घ्या, नाहीतर रंगाखाली पाणी साठून फुगे येतात.

तिसरा, चायना मोझॅक. पांढऱ्या फरशीचे तुकडे, खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, नीट उतार. खर्चिक आहे, वजन आहे, जुन्या स्लॅबवर आधी इंजिनिअरला दाखवा. पण एकदा केलं की पंधरा-वीस वर्षं बघायला नको.

ज्यांच्या आसपास साखर कारखाना किंवा गुऱ्हाळं आहेत त्यांनी गाळप संपल्यावरच रंग लावावा. हंगामात काजळी बसली की पांढऱ्याचं राखाडी होतं आणि निम्मा गुण जातो. लावल्यानंतरही महिन्यातनं एकदा गच्ची धुवा.

पुण्यात_अडकलेला

मी नोकरीनिमित्त पुण्यात, आई-वडील राजारामपुरीत वरच्या मजल्यावर. वडील ७८ वर्षांचे, हृदयाचा त्रास. तुम्ही सगळे एसीच्या विरोधात बोलताय, पण त्यांना उकाड्यात ठेवणं मला परवडणारं नाही. दोन टनी घ्यायला एका दुकानदारानं सांगितलंय, खोली १० बाय १२. बिल किती येईल?

निवृत्त_बांधकाम

एसीच्या विरोधात कुणी नाही हो. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, आजारी माणसं यांच्यासाठी एसी ही चैन नाही. त्यांच्यासाठी जरूर घ्या.

पण १० बाय १२ ला दोन टन? उघड्या स्लॅबखालच्या खोलीला दुकानदार जास्त टन सांगतात कारण वरून उष्णता जास्त येते. आधी गच्ची पांढरी करा, पश्चिमेची खिडकी बाहेरून झाका, दाराखालची फट बुजवा. मग त्या खोलीला एक टन पुरतो. गच्चीवर खर्च केलेले पैसे एसीच्या किमतीतच वळते होतील.

तारजोड

@पुण्यात_अडकलेला दादा, काकांनी सांगितलं त्यात भर.

इन्व्हर्टर एसीच घ्या. पेटीवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. ती १६०० तासांवर मोजलेली आहेत, त्याला १६०० नं भागा, म्हणजे तासाला सरासरी किती खातो ते कळेल. दोन मॉडेलांची तुलना चांदण्यांपेक्षा (स्टार रेटिंग) त्या आकड्यानं करा, कारण चांदण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुना पंचतारांकित आज चारचाही नसेल.

जानेवारी २०२० पासून एसी सुरू केला की आपोआप २४ वर येतो, तसा नियमच आहे. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. वडिलांसाठी २६-२७ आणि वर पंखा सगळ्यात कमी वेगावर, बघा कसं वाटतं. १८ वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, हे आईंना समजावून सांगा. तो तेवढ्याच वेगानं गार करतो, फक्त थांबत नाही.

जाळी दोन आठवड्यांनी नळाखाली धुवायची. बाहेरचा डबा पश्चिमेच्या उन्हात बसवू देऊ नका, वर सावली करा पण पुढची हवा अडवू नका. आणि त्याला वेगळी तार, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच). जुन्या घरात पंख्याच्याच लाईनवर एसी जोडलेले मी बघतो तेव्हा मलाच घाम फुटतो.

पुण्यात_अडकलेला

आभारी आहे. बाहेरून खिडकी झाकायची म्हणजे नेमकं काय? आईनं जाड पडदे शिवलेत की.

निवृत्त_बांधकाम

पडदा आत असतो. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, ती उष्णता खोलीतच राहिली. थोडाफार फायदा होतो, पण खरा उपाय काचेच्या बाहेर. बांबूची चिक, शेडनेट, पत्र्याची लांब झडप, किंवा नुसती वेल. उद्यमनगरी जास्त सांगतील.

उद्यमनगरी

चौकट करून घ्यायची, अर्ध्या इंची पाइपची, भिंतीपास्नं वीतभर लांब. त्यावर हिरवी न्हाईतर पांढरी शेडनेट, ७५ टक्केवाली. वारा येतोय, ऊन न्हाई. नर्सरीवाल्यांची सामानं जिथं मिळत्यात तिथं मीटरवर मिळती. पावसाळ्यात काढून गुंडाळून ठेवायची सोय करा, म्हंजे चार-पाच वर्षं जाती.

बावड्याची_सून

हे मालकाला न विचारता करता येईल असं दिसतंय 😀 ग्रीलला दोरीनं बांधली तरी चालेल ना?

उद्यमनगरी

चालतंय की ताई. फक्त ग्रीलला बाहेरनं बांधा, आणि ताणून. ढिली ऱ्हायली तर वाऱ्यानं रात्रभर फडफडती, मग झोप लागायची न्हाई आणि मला शिव्या बसायच्या.

मिसळ_कटवाला

आता गंभीरपणे एक. स्वयंपाकघर. आमचा धंदाच तो म्हणून सांगतो. दोन शेगड्या तासभर पेटल्या की घराला जेवढी उष्णता मिळते तेवढी काढायला एसीला चांगलंच पळावं लागतं. उन्हाळ्यात भाकऱ्या-चपात्या सकाळी आठच्या आत, डाळ-भात कुकरला, आणि स्वयंपाक चालू असताना एक्झॉस्ट सुरू, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा करायचाच असेल तर सकाळीच करून ठेवा. मुरलेला चवीलाही चांगला लागतो.

कच्ची आमटी आणि दही-भात खा असं मी म्हणणार नाही, माणसं मारतील.

वाड्यातली

@मिसळ_कटवाला रविवारी सकाळी आठच्या आत मटण? आणायला तुम्हीच जा पहाटे.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारण्याबद्दल काय मत आहे सगळ्यांचं? आमच्या गल्लीत निम्मे लोक मारतात आणि उरलेले त्यांना पाणी वाया घालवता म्हणून बोलतात.

निवृत्त_बांधकाम

दोघंही थोडे-थोडे बरोबर. एक लिटर पाणी पूर्ण उडून गेलं तर सुमारे ०.६७ युनिट (विजेच्या युनिटाएवढीच मोजणी, किलोवॅट-तास) उष्णता घेऊन जातं. १५ लिटरची बादली म्हणजे दहा युनिट उष्णता. दीड टनी एसी पूर्ण जोरात दोन तास चालला की साधारण एवढीच उष्णता बाहेर काढतो. पण हे उडून गेलेल्या पाण्याचं गणित आहे. पाइप धरून भसाभसा मारलेलं पाणी गटारात जातं, ते मोजायचं नाही. पुन्हा, त्यातली सगळीच उष्णता काही स्लॅबमधून निघत नाही.

म्हणून जुनी बारदानं अंथरा, आणि ऊन कलल्यावर, साडेपाच-सहाला, एक-दोन बादल्या झारीनं शिंपडा. धुण्याचं शेवटचं पाणी चालतं. स्लॅबला तडे असतील, खाली ओल दिसत असेल, तर हा उद्योग करू नका. आणि गच्ची पांढरी केली असेल तर याची फारशी गरजच राहत नाही.

शिरोलीचा_पाव्हणा

गोठ्याच्या पत्र्यावर आम्ही उसाचं पाचट टाकतो, वर दोरीनं बांधून. जनावरं धापा टाकायची थांबतात, दुधातही फरक पडतो. घरावर कुणी टाकत नाही कारण ठिणगीला धोका. पण तत्त्व तेच, ऊन पत्र्याला लागू द्यायचं नाही.

सोलरचं कुणी बोललं नाही. गेल्या साली बसवलं, तीन किलोवॅट. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एकाला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि वर ७८ हजार अनुदान आहे. उन्हाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट मिळतात, वापरून उरलेली महावितरणकडं जमा होतात. पावसाळ्यात आषाढात चार दिवस ऊनच नसतं तेव्हा ती कामाला येतात. आणि पॅनेलच्या खालची खोली गार झाली, हा फायदा मला कुणी आधी सांगितलाच नव्हता.

तारजोड

सोलर चांगलंच. पण आधी वापर कमी करा, मग किती किलोवॅट लागतं ते ठरवा. लोक उलटं करतात: आधी पॅनेल, मग 'आता वीज फुकट' म्हणून दोन एसी. बिल परत जागच्या जागी.

फुलेवाडीकर

सगळ्यांचे आभार, धागा वाया गेला नाही. दोन प्रश्न राहिलेत. एक, पीओपीचं छत करून घ्या असं एकानं सुचवलंय, त्यानं स्लॅबची उष्णता अडते का? दोन, काका, पश्चिमेच्या भिंतीला काय करू? तिथं बाहेर चार फूट जागा आहे.

निवृत्त_बांधकाम

पीओपीनं थोडं अडतं, पण पीओपी आणि स्लॅबच्या मधे गरम हवा कोंडून राहते आणि खोलीची उंची जाते, पंखाही खाली येतो. उष्णता आत आल्यावर तिला अडवण्यापेक्षा वरच थांबवलेली बरी. दिसायला छान हवं असेल तर करा, गारव्यासाठी नको.

चार फूट जागा असेल तर नशीबवान आहात. शेवगा लावा, वर्षात डोक्याच्या वर जातो. किंवा तारेवर कृष्णकमळ, गारवेल. भिंतीला थेट चिकटवू नका, फूटभर अंतर ठेवून मांडव करा, नाहीतर मुळं गिलाव्यात शिरतात. या वर्षापुरतं उद्यमनगरींची शेडनेट भिंतीवरही चालते. भिंतीला फिका रंग.

फुलेवाडीकर

ठरलं मग. या आठवड्यात गच्चीला चुना, पश्चिमेला शेडनेट, जिन्याला जाळीचं दार, आणि मुलांच्या खोलीत बीएलडीसी. दुसऱ्या एसीचा विषय मे संपेपर्यंत पुढं ढकलण्याची परवानगी घरातून मिळाली आहे, अट एकच: चुना मी स्वतः लावायचा. मीटरचा आजचा आकडा लिहून ठेवलाय, जूनमध्ये इथंच टाकतो.

@उद्यमनगरी भिंत १४ फूट रुंद, ९ फूट उंच. नेट किती घेऊ?

उद्यमनगरी

तीन मीटर पन्ना मिळतोय, तो घ्या. लांबी साडेचार मीटर, कडा दुमडायला धरून. चौकटीला मधी दोन उभे पाइप टाका, न्हाईतर मधनं पोट येतंय. आणि चुना लावायला सकाळी सातला चढा, दहाच्या पुढं गच्चीवर थांबू नका.

बावड्याची_सून

कूलरचं तोंड खिडकीतून आत आणि समोरचं दार उघडं ठेवून लावला. गाद्या कोरड्या आहेत. नेटचं माप मलाही सांगा, खिडकी ४ बाय ५ आहे, दोन खिडक्या.

उद्यमनगरी

ताई, तीन मीटर पन्न्यातनं पावणेदोन मीटर घेतलं की दोन्ही खिडक्या निघत्यात. मधनं कापा, आणि कापलेली कड मेणबत्तीवर हलकी भाजा, धागे सुटायचे न्हाईत.